काड्यांची पाकिटं आणि मी लिहिलेलं पत्र

एके काळी माझ्याकडे काड्यांची दोनशेच्या वर पाकिटं होती. मॅचबुक हा शब्द मला फार उशिरा कळला. आमच्या घरी त्यांना पाकिटंच म्हणत. पुठ्ठ्याची घडी, तळहाताहून लहान. वरची झडप उघडली की आत कागदी काड्या दोन रांगांत उभ्या आणि झडपेवर कुणाची तरी जाहिरात. हॉटेल, विमान कंपनी, टायर, शिलाई मशीन, पंखे, टॉनिक. सोलापुरात ती विकत मिळत नव्हती. आमच्याकडे लाकडी काड्यांची पेटी असायची, वर कोंबडा नाहीतर समई, आणि ती चुलीशेजारच्या कोनाड्यात. पाकिटं खरं तर फुकटच मिळायची, पण त्यासाठी जिथं जावं लागायचं तिथं आमच्या ओळखीचं कुणी जात नव्हतं. एक मामा सोडून.

मामा आईचा धाकटा भाऊ. मी मॅट्रिकला असताना वडील गेले आणि तेव्हापासून मामा आमच्याच घरी राहिले. त्यांनी लग्न केलं नाही. का नाही, हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारलं नाही. त्यांच्या पगारावर मी कॉलेजात जात होते एवढं उत्तर समोर होतं. ते चादरी-टॉवेलच्या एका पेढीवर फिरतीला होते. नमुन्यांच्या दोन बॅगा घेऊन मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी त्यांची वर्षभर ये-जा असे. मोठमोठ्या हॉटेलांच्या खरेदी-साहेबांना भेटून टॉवेलांच्या ऑर्डरी आणणं हे त्यांचं काम. साहेब लगेच भेटत नसत. मामा तास-तास बाकावर बसून राहायचे. पुढच्या दारी, जिथं पाहुणे नाव नोंदवतात त्या टेबलावर, काचेच्या वाडग्यात ही पाकिटं ठेवलेली असायची. मामा तिथल्या माणसाला विचारायचे, "एक घेऊ का?" कुणी हो म्हणे, कुणी वर न बघता मान हलवी. न विचारता त्यांनी एकही पाकीट उचललं नाही. हे मी इतक्या खात्रीनं सांगते, कारण कलकत्त्यात एकदा एकानं नको म्हटलं होतं आणि ते हॉटेल माझ्या संग्रहात शेवटपर्यंत आलं नाही.

मामा स्वतः धर्मशाळेत उतरायचे. सोबत आईनं बांधून दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी. सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोट घेत नसत, रेल्वेत असले तरी. विडी, सिगारेट, दारू यांतल्या कशालाही त्यांनी आयुष्यात हात लावला नाही. हे सगळं सांगण्याची वेळ पुढे आली तेव्हा मी ते सांगितलं नाही, म्हणून आज सांगते आहे.

परत आले की ते आधी पाय धुवायचे, मग नमुन्यांच्या बॅगेच्या कप्प्यातून रुमालात गुंडाळलेली पाकिटं काढून माझ्यासमोर ठेवायचे. कुठलं कुठून आणलं ते त्यांना पाठ असे. हे मद्रासचं, समुद्रासमोरचं; साहेबानं तीन तास बसवलं. हे दिल्लीचं, आत शिरताना पायपुसण्यावर चप्पल काढली म्हणून दरवान हसला. मी ते एका वहीत उतरून घ्यायची. पाकिटं मी चित्रकलेच्या मोठ्या वह्यांत लावायची, फोटोला लावतात तसे काळे कोपरे चारी बाजूंना लावून. काड्या काढून पुठ्ठा सपाट करतात हे मला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे माझी सगळी पाकिटं काड्यांसकट होती आणि वह्या अशा फुगल्या होत्या की दोरीनं बांधाव्या लागत. आई घाबरायची. पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात घालून ते सगळं माळ्यावर, चुलीपासून लांब ठेवायला लावायची. आत काही पेटलं तर अख्खं घर जाईल म्हणायची.

बी.ए., बी.एड. होऊन मी मुलींच्या एका शाळेत लागले. विषय इतिहास. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. शाळेतल्या निम्म्या मुलींच्या आया घरी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. मुलीही शाळेतून गेल्यावर हात लावायच्या. वर्गात वही तपासायला घेतली की पानांवर तंबाखूचा वास असे. आमच्या गावात बाईनं विडी वळण्यात कुणालाच कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्या वळसंगकडच्या, घरी कन्नड. आम्हीही घरात अर्धं कन्नडच बोलायचो. आम्ही दोघीच असलो की त्या मला तंगी म्हणत. तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्यांनी मला वर्गावर बोलायला शिकवलं, फळ्यावर लिहिताना मुलींकडे पाठ करायची नाही हे शिकवलं, साडीची पिन कुठे लावली की ती दिवसभर सुटत नाही हेही शिकवलं. मला मोठी बहीण नव्हती. ती जागा मी त्यांना देऊन टाकली होती आणि त्यांनाही ते माहीत होतं.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनात छंदांचं प्रदर्शन करायचं ठरलं. पोस्टाची तिकिटं, नाणी, भरतकाम असे नेहमीचेच छंद आले. मी पाकिटांबद्दल एकदा बोलता बोलता सांगितलं होतं ते मोठ्या बाईंनी लक्षात ठेवलं. वह्या घेऊन ये म्हणाल्या. मी आणल्या. त्यांनी शाळा सुटल्यावर दीड तास त्या बघितल्या. मग म्हणाल्या, नुसती चित्रं मांडू नकोस, इतिहास शिकवतेस ना, मग यातला इतिहास लिही.

मी आठ दिवस एका शिवलेल्या वहीत लिहीत होते. तोपर्यंत मी ती पाकिटं आवडतात म्हणून जमवत होते. लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली. मामांनी सांगितलेल्या आठवणींची वही शेजारी उघडून ठेवली होती. जुन्या पाकिटांवर हॉटेलवाले ठळक अक्षरांत लिहायचे की प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर आहे. पुढच्या काही वर्षांत तो मजकूर गेला आणि त्या जागी गार हवेच्या खोल्या आल्या. मग तेही बारीक अक्षरांत गेलं आणि पोहण्याचा तलाव आला. माणसं कशाचा तोरा मिरवत होती ते वर्षामागून वर्ष त्या झडपांवर दिसत होतं. टेलिफोनचे आकडे वाढत गेलेले दिसत होते. विमान कंपनीच्या पाकिटावर देऊळ, हत्ती, फेटेवाला दरवान; देशी कापडाच्या पाकिटावर मात्र सूटबूट घातलेला माणूस. साहेबाला विकायचं ते फेट्यात आणि आपल्याला विकायचं ते सुटात, असं मी लिहिलं होतं.

आणि एक वाक्य असं होतं: "या पाकिटांवर बायका पुष्कळ आहेत. त्या हसतात, वाकतात, कॉफी ओततात. काडी मात्र एकीच्याही हातात नाही. खरं तर घरोघर रोज पहिली काडी बाईच ओढते."

मोठ्या बाईंनी सगळा मजकूर लाल शाईनं तपासून दिला. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. त्या वाक्यापुढे समासात त्यांनी लिहिलं होतं, "छान. हेच मोठ्या अक्षरांत लाव." मी कार्डशीटवर मोठ्या अक्षरांत तेच लिहिलं आणि मधोमध लावलं.

प्रदर्शनाच्या दिवशी माझ्या टेबलापुढे सगळ्यात जास्त गर्दी होती. विड्या वळणाऱ्या आया मुलींचं बोट धरून आल्या होत्या. एका बाईनं ते वाक्य मुलीकडून वाचून घेतलं, पदर तोंडाशी धरून हसली आणि म्हणाली, "खरं हाय की." तो माझ्या आयुष्यातला लेखनाचा पहिला आणि शेवटचा मान.

दुपारी संस्थेचे अध्यक्ष आले. ते पेठेतले मोठे व्यापारी होते. मोठ्या बाई शेजारून चालत प्रत्येक टेबलाची माहिती सांगत होत्या. माझ्या टेबलापाशी अध्यक्ष थांबले. आधी त्यांना मजा वाटली. मग त्यांचं लक्ष मुंबईच्या एका हॉटेलच्या पाकिटाकडे गेलं. त्यावर काळ्या रंगात नाचणाऱ्या बाईची नुसती आकृती होती आणि शेजारी उंच देठाचा पेला. ते त्यांनी वाकून बघितलं. नंतर मधलं कार्डशीट वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण बराच वेळ लागला.

"म्हणजे आमच्या शाळेतल्या मुलींनी काड्या ओढायच्या, असं सांगायचंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, तसं नाही, चूल पेटवण्याबद्दल आहे. त्यांनी मला विचारलंच नव्हतं बहुतेक. ते मोठ्या बाईंकडे बघत होते. मीही बघितलं. मला वाटलं, आता त्या बोलतील.

"हे मी आधी पाहिलं नव्हतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात जराही फरक पडला नव्हता. मुलींना रांगेत उभं राहायला सांगताना असतो तोच आवाज. अध्यक्ष पुढच्या टेबलाकडे गेले. तिथं लोकरीचे ससे होते. मोठ्या बाई त्यांना सशांची माहिती सांगू लागल्या. मी तिथंच उभी राहिले. कुणीतरी येऊन कार्डशीट काढलं. कोण ते आठवत नाही, इतकी मी त्या सशांकडे बघत होते.

सोमवारी मला बोलावणं आलं. माझ्या वह्या, पाकिटं, लिहिलेला मजकूर, आठवणींची वही, सगळं त्यांच्या टेबलावर होतं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि कन्नडमधून बोलायला लागल्या. तंगी म्हणाल्या. अध्यक्ष फार चिडलेत, बारची जाहिरात मुलींपुढे लावली असं ते सगळीकडे सांगताहेत, तू अजून कायम नाहीस, एका कागदावर घरी बसवतील. मी म्हटलं, तुम्हीच लाव म्हणालात. त्यावर त्या म्हणाल्या की ते आता उकरून दोघींचाही फायदा नाही, त्या राहिल्या तर मला वाचवू शकतील, त्याच गेल्या तर कोण वाचवणार. हे इतकं शहाणपणाचं वाटलं की मी मान हलवली.

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि मजकूर सांगायला लागल्या. मराठीत, शाळेच्या पत्राच्या भाषेत. सदर पाकिटे माझे मामा यांनी बाहेरगावाहून आणून दिली. ती कोणत्या प्रकारच्या ठिकाणांची आहेत याची मला कल्पना नव्हती. मी लिहीत गेले. कल्पना नव्हती हे खोटं होतं. प्रत्येक पाकिटाखाली माझ्याच अक्षरात गाव आणि ठिकाण होतं आणि ती वही त्याच टेबलावर पडली होती. पुढचं वाक्य होतं, यापुढे अशा व्यक्तीकडून कोणतीही वस्तू शाळेत आणणार नाही.

'अशा व्यक्तीकडून' लिहिताना माझा हात थांबला. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, पत्राची भाषा असते ही. कोण वाचतंय?"

मी लिहिलं. खाली सही केली. त्यांनी पत्र घेतलं, पाकिटांच्या वह्या आणि इतर कागद कपाटात ठेवले, कपाटाला कुलूप लावलं. प्रकरण थंड झालं की देईन म्हणाल्या. मी बाहेर आले आणि पुढच्या तासाला सातवी ब ला शाहिस्तेखानाची फजिती शिकवली.

घरी मी फक्त एवढंच सांगितलं की अध्यक्षांना पाकिटं आवडली नाहीत आणि माफी मागावी लागली. आई म्हणाली, मी सांगतच होते ते घरात नको म्हणून. मामा त्या वेळी बंगलोरला होते.

ते परतले त्यानंतर आठवड्याच्या आत सगळं झालं. अध्यक्ष आणि मामांच्या पेढीचे मालक एकाच पेठेतले, रोजच्या उठण्याबसण्यातले. माझं पत्र मालकांनी वाचलं होतं की नुसतं ऐकलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. बोलणं असं पसरलं की मामा फिरतीच्या नावाखाली बारमध्ये बसतात आणि तिथल्या वस्तू भाचीला आणून देतात. मालकांनी मामांना बोलावून फिरती काढून घेतली. गोडाऊनवर बसायला सांगितलं, चादरींच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावायला.

मामांनी घरी येऊन पाय धुतले आणि ते आईला म्हणाले, "आता फिरती नाही. बरंच झालं, पाय दुखतच होते."

ते त्या वेळी बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचे असतील. त्यांचे पाय अजिबात दुखत नव्हते. त्यांना फिरती आवडायची. प्रत्येक स्टेशनवरचा चहा कसा असतो ते सांगताना हा माणूस वेगळाच दिसायचा. मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. तिथून उठून जाऊन मला सांगता आलं असतं की मी पत्र लिहून दिलंय, त्यात तुमचं नाव आहे, चला, मालकांकडे जाऊ, मी खरं सांगते. मी पीठ मळत राहिले. नंतर भाकरी थापल्या. त्या दिवशी मामा जेवताना फक्त एकच बोलले, आणि तेही माझ्याकडे न बघता. "चिकटवायची तेवढी चिकटवायची होतीस. लिहायला कशाला गेलीस?"

मला राग आला. त्या वेळी मला मोठ्या बाईंचा नव्हे, अध्यक्षांचा नव्हे, मामांचा राग आला. माझ्या लिहिण्याला त्यांनी नाव ठेवलं म्हणून. हेही खरं आहे आणि तेही लिहून ठेवते.

प्रकरण थंड झालं. वर्षअखेरीस मी नोकरीत कायम झाले. कपाट मात्र उघडलं नाही. मी दोनदा विचारलं. मोठ्या बाई म्हणाल्या, थांब, इतक्यात नको. तिसऱ्यांदा विचारायला मला लाज वाटली, जणू मीच काही उसनं मागत होते.

पुढच्या वर्षी शाळेला रंग द्यायचा होता, म्हणून कपाटं व्हरांड्यात काढली होती. आमच्या शिपाई मावशी ती पुसत होत्या. मोठ्या बाईंचं कपाट उघडं होतं. मी डोकावले. वह्या होत्या. वरची उघडली तर काळे कोपरे जागच्या जागी आणि मधे काहीच नाही. दुसरी तशीच. मी मावशींना विचारलं, यातली पाकिटं कुठे गेली.

"त्या काड्या व्हय?" मावशी म्हणाल्या. "त्या कवाच संपल्या की बाई. मोठ्या बाईंनी दिल्या मला. म्हनल्या, स्टोला वापर, फुकट कशाला घालवायच्या. लई हलक्या होत्या पर. दोन-दोन लागायच्या."

मी विचारलं, कुठला स्टोव्ह.

"आपला चहाचा. दुसरा कुठला हाय हितं?"

शिक्षक-खोलीतला चहा रोज मधल्या सुट्टीत व्हायचा. त्या सगळ्या दिवसांत मी तो प्यायले होते. समुद्रासमोरच्या मद्रासच्या, चप्पल काढल्यावर दरवान हसला त्या दिल्लीच्या काड्यांनी पेटवलेल्या स्टोव्हवरचा चहा मी बशीत ओतून प्यायले, आणि मोठ्या बाई समोरच्या खुर्चीत बसून तोच चहा पीत होत्या. एखाद दिवशी त्यांनी मला विचारलंही असेल, साखर पुरे का. मावशींचा काही दोष नव्हता. रिकामे पुठ्ठे त्यांनी चुलीत घातले होते. ते बरे पेटायचे, म्हणाल्या.

मी तशीच मोठ्या बाईंकडे गेले. त्या मजुरांना रंगाची छटा दाखवत होत्या. मी म्हटलं, माझा मजकूर आणि आठवणींची वही तरी द्या. त्यांनी एका फायलीतून दोन्ही काढून दिलं. मी व्हरांड्यातच पानं चाळली. लाल शाईच्या दुरुस्त्या होत्या. समासात ज्या पानावर त्यांनी 'छान' लिहिलं होतं ते पान नव्हतं. ब्लेडनं अगदी शिवणीपासून कापलं होतं, इतकं सफाईनं की शेजारचं पानही सुटलं नव्हतं.

मी ते त्यांना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि मजुरांपासून जरा बाजूला आल्या.

"तंगी, तुझी नोकरी आहे ना? माझी पण आहे. मग झालं तर."

त्या ओशाळल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी त्या शाळेत पुढची एकतीस वर्षं शिकवलं. मोठ्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभात त्यांच्याबद्दल बोलायला मलाच उभं केलं. त्यांनी मला मोठ्या बहिणीसारखं घडवलं, असं मी बोलले. टाळ्या झाल्या.

आता अशा पाकिटांना फार किंमत आली आहे म्हणतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी कॉलेजात शिकवते. गेल्या वर्षी ती मुद्दाम घरी आली होती. जाहिरातींच्या सांस्कृतिक इतिहासावर काही काम करते आहे. लहानपणी प्रदर्शनात ती पाकिटं बघितल्याचं तिला आठवत होतं आणि कार्डशीटवरचं वाक्यही. ते वाचून हसलेली बाई तिचीच आई. तिनं विचारलं, तो संग्रह कुठे आहे. मी म्हटलं, घर बदलताना गेला. तिला फार वाईट वाटलं. पाकिटं कुठे ना कुठे मिळतील, म्हणाली, पण कुणी कुठून कसं आणलं ते लिहिलेलं कुठेच मिळत नाही. आठवणींची वही माझ्या कपाटात होती, मामांच्या तीन-तीन तासांसकट. मी तिला ती दाखवली नाही. ती वाचली असती तर तिनं मामांबद्दल विचारलं असतं.

मामा गोडाऊनवर अकरा वर्षं बसले. सकाळी पूजा, मग गोडाऊन, संध्याकाळी घर. सोलापूरच्या बाहेर ते त्यानंतर फक्त वैरागला एका लग्नाला आणि एकदा अक्कलकोटला गेले. आईशी ते पूर्वीसारखेच बोलायचे. माझ्याशीही बोलायचे, पण गावांबद्दल नाही.

फिरती जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. एका रविवारी आम्ही दोघं ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. आई देवळात गेली होती. मामा नेहमीप्रमाणे टरफलं एका बाजूला आणि दाणे एका बाजूला अगदी वेगळे ठेवत होते.

"तेव्हा तू शाळेत काय लिहून दिलं होतंस गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माफी मागितली होती, दुसरं काय.

"माझं नाव होतं का त्यात?"

त्यांचा आवाज साधा होता. रागाचा मागमूस नव्हता. मला वाटतं, मी हो म्हटलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती आणि पुढची शेंग उचलली असती. इतक्या वर्षांत मला त्यांनी दिलेली ती एकच संधी.

"नाही," मी म्हणाले.

"मालक म्हणत होते, होतं म्हणून. अशा व्यक्तीकडून, असं काहीतरी." त्यांनी एक शेंग फोडली. "खोटं बोलले असतील. व्यापारी माणूस."

मग त्यांनी मालकांबद्दल आणखी काही सांगितलं, गोडाऊनच्या छपराबद्दल, गळतीबद्दल. मी ऐकत होते. शेंगा संपल्या तेव्हा त्यांनी टरफलं सुपात भरून परसात टाकली आणि हात धुऊन आडवे झाले. माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, ते मला आजवर कळलेलं नाही. पुढे ते वारल्यावर, मालकांनी माझं पत्र त्यांना दिलं होतं की काय म्हणून मी त्यांची पेटी उघडून बघितली. कपडे होते, पूजेचं साहित्य होतं आणि रेल्वेचं एक जुनं वेळापत्रक होतं. पत्र नव्हतं.